तोंड बंद, बोट चालू

टाराबूल गावच्या मॉडेल पॉवरबोट क्लबने मला दोन अटी घातल्या होत्या. शर्यतीची तयारी सुरू झाल्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत काठावर तोंडातून एक शब्द काढायचा नाही, ही पहिली. शर्यत अर्धी टाकून तरातरा निघून जायचं नाही, ही दुसरी. सीझन संपेपर्यंत दोन्ही पाळल्या तर मी क्लबात. एक जरी मोडली तर बाहेर, कायमची.

शाळेनेसुद्धा मला एवढ्या अटी घातल्या नव्हत्या. शाळेने सरळ आईला बोलावलं होतं, आणि आई पोचायच्या आत मी गेटाबाहेर होते.

क्लबात मी केलं काय होतं, तर खरं बोलले होते. लाउडस्पीकरवरून.

मर्व्ह ट्रेलोर म्हणजे आमच्या क्लबचा अध्यक्ष. आयुष्यभर ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेऊन अर्ध्या गावाला नापास केलेला माणूस. गेल्या उन्हाळ्यात त्याची बोट लांबच्या बोयाच्या आतून गेली. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा केशरी फुगा, वळण त्याच्या बाहेरून घ्यायचं असतं. हा आतून गेला, पहिला आला, आणि कप घेताना फोटोसाठी पोट आत ओढून उभा राहिला. काठावरच्या सगळ्यांनी बघितलं होतं. सगळे आपापल्या सॉसेजकडे बघत बसले. माझं डोकं फिरलं. मी फेऱ्या मोजणाऱ्या नोलीनच्या हातातला लाउडस्पीकर घेतला आणि अख्ख्या तळ्याला सांगितलं की हा माणूस चोर आहे. मर्व्ह माझ्या अंगावर धावून आला, तेव्हा त्याच्या हातात मीट पाय होता, म्हणजे खिमा भरलेली मोठी पेस्ट्री. तो मी पाण्यात फेकला. मग माझी बोट उचलली आणि घरी गेले.

तो मीट पाय डोरीनने खाल्ला. डोरीन म्हणजे तळ्यावरची काळी हंसीण. त्या दिवसापासून ती मर्व्हवर लक्ष ठेवून असते. तो जिथे उभा, तिथे समोरच्या पाण्यात ती.

तुम्हाला वाटेल, एवढं होतं तर सोडायचा क्लब. सोडून जाणार कुठे? धरणावर पेट्रोलच्या बोटींना बंदी, नदीत झाडांची खोडं अडकलेली, समुद्र लांब. जुन्या खडीच्या खाणीत पाणी साचून झालेलं हे एकच तळं आहे, आणि त्याच्या फाटकाची किल्ली क्लबकडे आहे. आणि आणखी एक सांगते. बेकरीने मला काढलं, टायरवाल्याकडून मी स्वतःच निघाले, शाळेचं सांगितलंच. सुरू करून पूर्ण केलेली माझी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही बोट.

बोटीचं नाव गांधीलमाशी. पिवळ्यावर काळे पट्टे, लांबी माझ्या हाताएवढी, आणि आवाज असा की कुत्री घरात पळतात. इंजिन डेसचं. म्हणजे डेसच्या गवत कापायच्या यंत्राचं.

डेस माझ्या आईचा दुसरा नवरा. नगरपालिकेच्या बागांमध्ये माळी आहे. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की वाटतं, मध्येच जाऊन जेवून यावं. प्रत्येक वाक्याला आधी 'मला वाटतं' लावतो, मग थांबतो, मग त्याला काय वाटतं ते शोधून आणतो. गॅरेजमध्ये त्याला इंजिन नसलेला दांडा सापडला तेव्हाचं बोलणं मला अजून पाठ आहे.

"किरा," तो म्हणाला. "मला वाटतं, हे माझं गवत कापायचं यंत्र आहे."

"होतं."

त्याने दांडा फिरवून बघितला. "मग आता गवत कसं कापायचं?"

"मेंढी आण."

यावर त्याने खरोखर विचार केला. "मेंढीला कुंपण लागेल," तो म्हणाला. मग माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि बोटीत डोकावला. "मला वाटतं, कार्बोरेटर असा आडवा बसवलास तर पेट्रोल गळेल."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये. मी फायबरच्या बॉडीला पॉलिश पेपर मारायचे, तो त्याच जागी पुन्हा मारायचा. "आता मी केलं ना," मी म्हणायचे. "हो," तो म्हणायचा आणि मारत राहायचा. इंजिनाचा दांडा बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याशी एका रेषेत यावा म्हणून मी खाली पत्र्याच्या पट्ट्या घालत होते. एक घातली की जास्त, काढली की कमी. मी पाना भिंतीवर मारला. डेसने पाना उचलला, बीअरचा डबा रिकामा केला, कापला, आणि त्याची पट्टी घातली. दांडा बोटाने फिरवला तर लोण्यातून फिरल्यासारखा फिरला.

पण बोट बांधणं सोपं, ती वठणीवर आणणं अवघड. पहिल्यांदा पाण्यात सोडली तर सरळ जायच्या ऐवजी बेडकासारख्या उड्या मारत गेली. तोंड वर, तोंड खाली. बॅटरी पुढे सरकवली, तर तोंड पाण्यात खुपसून नांगरायला लागली. मग बॅटरी अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी मागे घेतली, तेव्हा कुठे शहाणी झाली. मग पंखा. विकतचा पंखा बोथट असतो. त्याच्या पात्यांना धार लावायची, मग तो सुईत ओवून सुई दोन ब्लेडच्या धारांवर आडवी ठेवायची. जे पातं खाली झुकेल ते जड. ते घासायचं, पुन्हा ठेवायचा, दुसरं पातं खाली. पुन्हा घासायचं. माझ्यासारख्या मुलीसाठी ही शिक्षा आहे, पण पंखा नीट झाला की बोट शहारल्यासारखी पुढे जाते, आणि मग आदल्या सगळ्या शिव्या माफ.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. आमच्या शर्यती घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात. सगळी वळणं उजवीकडे. म्हणून बोटीच्या उजव्या कुशीला मागे एक धारदार पातं असतं, ते पाण्यात रुततं आणि वळण धरून ठेवतं. डाव्या बाजूला काहीच नाही. आमच्या बोटींना डावीकडे वळणं माहीतच नाही. भरधाव असताना वळवलीत तर उताणी.

घरात रिमोट मात्र एकच. पिस्तुलासारखा, घोडा ओढला की गॅस, म्हणजे वेग, बाजूचं चाक फिरवलं की सुकाणू. त्यात दोन बोटींची सेटिंगं. एक नंबरवर डेसची टगबोट, दोन नंबरवर गांधीलमाशी. टगबोट म्हणजे डेसचा जीव. तिच्यावर इवलेसे दिवे आहेत, कडेला टायर टांगलेत, डेकवर चहाचा कप घेतलेला एक माणूस आहे. कोणाची बोट मध्येच बंद पडली की डेस टग घेऊन जातो आणि तिला ढकलत ढकलत काठाला आणतो. त्याने टगचं सुकाणू जोडलंय उलट्या बाजूने, म्हणून एक नंबरवर रिमोटचं चाकही उलटं ठेवलंय. शिवाय गॅस अर्ध्यावर बांधलेला, कारण डेसच्या मते टगने पळणं शोभत नाही.

माझ्या बाजूला उभं राहून 'डावीकडून येतोय, मागून येतोय' असं सांगायला एक माणूस लागतो. सगळ्यांनाच लागतो, कारण बोट चालवणाऱ्याची नजर आपल्या बोटीवरून हलत नाही. माझ्या शेजारी उभं राहायला क्लबात कोणी तयार नव्हतं. म्हणून डेस. म्हणजे बघा, मला बोलायला बंदी, आणि माझ्या वतीने बोलणार डेस.

सीझनभर तेच चाललं होतं. "किरा," तो म्हणायचा, "मला वाटतं, मागून... लाल..." तोपर्यंत लाल बोट मागून येऊन, मला पाणी उडवून, पुढच्या वळणावर गेलेली असायची. मी दात आवळायचे. दाताचे डॉक्टर विचारतात, रात्री दात खातेस का. मी म्हटलं, नाही, रविवारी.

तर शेवटचा रविवार.

माझ्या शर्यतीच्या आधीच्या शर्यतीत एक बोट तळ्याच्या पार त्या टोकाला बंद पडली. डेस टग घेऊन गेला. गेला म्हणजे, निघाला. टग तिकडे पोचेपर्यंत नोलीनने कांदा परतून घेतला, परत येईपर्यंत सॉसेज वाटून झाले. मर्व्ह त्याच्या लाकडी चौथऱ्यावर घड्याळ बघत उभा, एका हातात मीट पाय, दुसऱ्या हातात लाउडस्पीकर. समोर पाण्यात डोरीन.

"डेस," मर्व्ह लाउडस्पीकरवरून म्हणाला, "आजच्या आज आणशील का?"

डेसने घाईघाईने, म्हणजे त्याच्या मानाने घाईघाईने, टग बाहेर काढली, रिमोट माझ्या हातात कोंबला आणि गांधीलमाशी उचलून पाण्याशी गेला.

आता आमच्याकडे एक रीत आहे, क्लब सुरू झाला तेव्हापासूनची. बोट सोडायच्या आधी चालवणारा मोठ्याने म्हणतो, "डावं." आणि चाक डावीकडे फिरवतो. बोट धरलेला माणूस सुकाणू बघतो आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणतो, "डावं." मग "उजवं." मग "गॅस." मग "बंद." चर्चमधल्या लग्नात नवरानवरी बोलतात तसं. सगळे करतात, मर्व्हसुद्धा करतो. पण मला बोलायला बंदी. म्हणून मी नुसतं चाक फिरवायचे आणि डेस नुसती मान हलवायचा. त्या दिवशीही मी चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. सुकाणू डेसच्या पोटाकडे, मला दिसत नव्हतं. डेसला सुकाणू दिसलं, पण मी चाक कुठे फिरवलं ते नाही. सुकाणू हलतंय, एवढंच त्याने बघितलं. त्याने मान हलवली. इंजिन चालू केलं आणि बोट पाण्यात ढकलली.

मी घोडा ओढला. गांधीलमाशी एरवी झेप घेते. आज चालत निघाली, देवळात निघाल्यासारखी.

मला वाटलं, प्लगमध्ये कचरा. सुरुवातीचा भोंगा वाजेपर्यंत सगळ्याच बोटी पाण्यात चकरा मारत असतात. पहिला बोया आला. मी चाक उजवीकडे फिरवलं. बोट डावीकडे गेली. बोयापासून लांब, लव्हाळ्यात बसलेल्या बदकांकडे. पूर्ण वेगात असती तर तिथेच उताणी झाली असती. अर्ध्या गॅसवर नुसती डुलली. बदकं उठून दुसरीकडे जाऊन बसली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रिमोट एक नंबरवर होता. टगच्या.

नंबर बदलायचा तर रिमोट बंद करून चालू करावा लागतो. रिमोट बंद झाला की बोटीचं इंजिन आपोआप बंद. म्हणजे शर्यत अर्धी टाकली. म्हणजे दुसरी अट मोडली. आणि डेसला सांगायचं तर पहिली अट मोडली. तेवढ्यात सुरुवातीचा भोंगा वाजला आणि बाकीच्या पाच बोटी माझ्या बोटीवरून पाणी उडवत गेल्या.

मी डेसच्या नडगीवर लाथ मारली.

"सॉरी," डेस म्हणाला आणि जरा बाजूला सरकला. त्याला वाटलं, त्याचाच पाय मध्ये आला.

मी रिमोट एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या नाकासमोर नाचवलं. एक. एक नंबर.

त्याने बोटाकडे बघितलं. चेहरा उजळला. "हो," तो म्हणाला. "मला वाटतं, पहिली येशील."

मी मान हलवली, नाही. दोन बोटं दाखवली. दोन नंबरवर हवा होता.

"दुसरी आलीस तरी चालेल," डेस म्हणाला. "आपण काय कपासाठी करत नाही."

त्या क्षणी मी काय काय बोलले नाही, ते मलाच माहीत.

मी उलटं चालवून बघितलं. उजवीकडे जायचं तर डावीकडे फिरव. सांगायला सोपं आहे. सरळ रेषेत जमतं, बोया आला की हात आपल्या मनाचं करतो. एका वळणावर बोट काठाच्या चिखलाला नाक लावून आली, दुसऱ्या वळणावर स्वतःभोवती गोल फिरली, जणू काहीतरी विसरली होती. काठावर कोणीतरी हसलं. माझे कान तापले.

आणि मग मी रिमोट उलटा धरला.

म्हणजे पार उलटा. मूठ आभाळाकडे, घोडा करंगळीत. उजव्या बाजूचं चाक आता डाव्या बाजूला आलं, आणि उलटं चाक उलट्या रिमोटवर सुलट झालं. पुढे लोटलं तर बोट उजवीकडे. पातं पाण्यात रुतलं, गांधीलमाशी बोयाला चिकटून वळली. मंद, पण अशी स्वच्छ वळली की मी श्वास सोडला.

अर्ध्या गॅसवर का होईना, मी शर्यतीत होते. वेसची लाल बोट माझ्यावरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. वेस गावातला मेकॅनिक, त्याची बोट सगळ्यात पळणारी. तिसऱ्यांदा येत होती तेव्हा डेस म्हणाला, "किरा, मला वाटतं, मागून लाल येतेय, उजवीकडून." आणि ती खरंच अजून आली नव्हती. सीझनमध्ये पहिल्यांदाच डेसचं बोलणं आणि माझी बोट एकाच वेगाने चालत होती. मी आरामात डावीकडे सरकून तिला जागा दिली.

तेवढ्यात मर्व्हने मीट पायचा घास घेतला.

डोरीन मघापासून काठाशी फेऱ्या मारत होती. मीट पायचा वास आला, मर्व्हचं तोंड हललं, आणि ती जवळचा रस्ता म्हणून सरळ शर्यतीच्या मधून निघाली. मान ताठ, कोणाकडे न बघता. हंस मध्ये आला की सगळ्यांनी घोडा सोडून वेग कमी करायचा, हा नियम. सगळ्यांनी सोडला. पण ही इंजिनं तापलेली, शर्यतीसाठी ताणून बांधलेली. मंद चालणं त्यांना ठाऊक नाही. एक खोकून बंद पडलं. दुसरं बंद पडलं. तिसऱ्या बोटीने बंद पडलेलीला धडक दिली आणि दोघी एकमेकींत अडकल्या. वेस मोठ्या वेगात होता. समोर डोरीन. त्याने हात जाईल तिकडे चाक फिरवलं, आणि ते गेलं डावीकडे. लाल बोट हवेत उठली, पोट दाखवलं, आणि उताणी पडून तरंगत राहिली. डोरीनने वळूनही बघितलं नाही.

पाण्यावर चालू राहिल्या दोन बोटी. पहिल्या नंबरावर क्लबातल्या गॉर्डन म्हाताऱ्याची, आणि खूप मागून, देवळात निघालेली माझी.

"सहा नंबर," लाउडस्पीकर खरखरला. सहा नंबर मी. "किरा. रिमोट कसा धरलायस?"

मी बोटीवरून नजर हलवली नाही.

"हा काय तमाशा आहे? रिमोट सरळ धर. उलटा धरून बोट चालवून क्लबची थट्टा करतेस? इथे लोक सीरियसली शर्यत करतात."

सरळ धरला तर बोट बदकांत. मी तशीच.

"मी शेवटचं सांगतोय. सरळ धर, नाहीतर बोट बाहेर काढ."

बाहेर काढली तर शर्यत अर्धी टाकली. समजावून सांगितलं तर तोंड उघडलं. कसंही केलं तरी मी बाहेर, आणि मर्व्हला ते कळत होतं, त्याच्या आवाजात एक गोडवा आला होता, नापास करतानाचा. माझ्या तोंडात शब्द ट्रकभर जमा झाले होते. सगळ्यात पुढचा शब्द दातांना टेकला होता. जबडा दुखायला लागला. मी विचार केला, जाऊ दे क्लब. जाऊ दे तळं. मी तोंड उघडलं.

आणि ओरडण्याचा आवाज आला, पण तो माझा नव्हता.

"मर्व्ह ट्रेलोर."

काठावरचे सगळे वळले. मी पण वळले असते, पण पुढे बोया होता. रिमोट मी उलटा धरल्यामुळे त्याचा छोटा पडदा मघापासून डेसच्या नाकाखाली आला होता. त्यावर एक हा आकडा होता. डेस तो आकडा वाचत होता, आणि मग माझं एक बोट, माझी दोन बोटं, आणि नडगीवरची लाथ, हे सगळं त्याच्या डोक्यात रांगेने येऊन पोचलं होतं.

"अरे खताच्या ढिगा," डेस ओरडला. डेस. ज्याने आमच्या घरात माशीलाही कधी मोठ्याने हाकललं नाही. "रिमोट एक नंबरवर आहे. माझ्या टगच्या नंबरवर. मी दिला तिला तसा, चूक माझी आहे. आणि ती शर्यतीआधी कळली का नाही? कारण डावं-उजवं मोठ्याने म्हणायची रीत आहे, आणि तू पोरीचं तोंड शिवून ठेवलंस. मुकी माणसं ठेवलीस तू काठावर आणि वर विचारतोस तमाशा काय चाललाय. अर्ध्या गॅसवर, उलट्या रिमोटवर, एक शब्द न बोलता ती प्रत्येक बोयाच्या बाहेरून वळतेय. बाहेरून, मर्व्ह. बघून घे, कसं करतात ते. तुला सरळ रिमोट धरून एक बोया जमला नाही."

तळ्यावर फक्त दोन बोटींची टुर्र टुर्र. नोलीनचा चिमटा सॉसेजवर तसाच थांबला होता.

डेसने दम घेतला. "मला वाटतं," तो हळूच म्हणाला.

गॉर्डनच्या बोटीने शेवटची रेषा ओलांडली, तिकडे कोणी बघितलं नाही. पहिला पोचला की बाकीच्यांनी चालू फेरी तेवढी पूर्ण करायची असते, ती मी केली. उताणी पडायच्या आधी वेसच्या बोटीच्या फेऱ्या जास्त झाल्या होत्या, म्हणून मी तिसरी. बोट काठाला आणली, गॅस सोडला, आणि तोंड मिटूनच उभी राहिले. शेवटचा भोंगा अजून वाजायचा होता. नोलीनने तो वाजवला, जरा जास्तच वेळ.

मर्व्ह चौथऱ्यावरून उतरला. चेहरा बिटासारखा. "काठावर आरडाओरडा," तो म्हणाला. "अध्यक्षाला शिवीगाळ. अट मोडली. ठरलं होतं तसं, मेंबरशिप—"

"कोणाची?" नोलीन म्हणाली.

"म्हणजे काय, कोणाची?"

"ओरडलं कोण?"

मर्व्हने माझ्याकडे बघितलं. मी ओठ आणखी घट्ट मिटले आणि भुवया उडवल्या.

"किराने सीझनभर तोंड उघडलेलं नाही," नोलीन म्हणाली. "आज तर डेसला लाथ मारली पण तोंड उघडलं नाही, मी बघितलं. शर्यत पण पूर्ण केली. ओरडला डेस. द्यायची तर शिक्षा डेसला दे."

"डेसला द्या," गॉर्डन म्हाताराही म्हणाला. त्याला मजा येत होती.

"देतोच," मर्व्ह म्हणाला. "पुढचा अख्खा सीझन. काठावर एक शब्द नाही."

"बरं," डेस म्हणाला.

वेस कमरेपर्यंत भिजून आपली लाल बोट काखेत मारून वर येत होता. जाता जाता म्हणाला, "मर्व्ह, बोयाच्या आतून तू गेला होतास पण."

मर्व्हने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तराआधी त्याने हातातल्या मीट पायकडे बघितलं, कारण हात हलका लागत होता. डोरीन कधीच काठावर चढली होती. मान मर्व्हच्या कोपरापर्यंत सहज पोचते तिची.

आम्ही गाडीतून घरी निघालो. डेस स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता, जणू गाडीही एक नंबरवर आहे.

"किरा," तो शेवटी म्हणाला. "मला वाटतं, मी जरा जास्त बोललो."

"खताचा ढीग," मी म्हटलं. दिवसातला माझा पहिला शब्द.

त्याचे कान लाल झाले. "ते नको होतं म्हणायला."

"नकोच होतं. खत निदान उपयोगी पडतं."

त्याने यावर विचार केला. पेट्रोल पंप गेला, बेकरी गेली, शाळा गेली. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि गाडी जराशी डावीकडे गेली.

आता नवीन सीझन सुरू झालाय. डेस माझ्या शेजारी उभा असतो, तोंड बंद. बोलता येत नाही म्हणून त्याने खुणा ठरवल्यात. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडून कोणीतरी. उजव्यावर म्हणजे उजवीकडून. पाठीत बुक्की म्हणजे मागून, वेगात. डोक्यावर टपली म्हणजे डोरीन. आणि काय सांगू, 'मला वाटतं' ची टिचकी नसते. बोट दिसली की त्याच क्षणी टिचकी. वेसने परवा विचारलं, तुझ्या डेसचे डोळे असे कधीपासून झाले. मी म्हटलं, डोळे होतेच, वाट तुंबली होती.

मला आता बोलायची परवानगी आहे. नवीन रिमोट अजून घेतलेला नाही. म्हणून बोट सोडायच्या आधी डेस गांधीलमाशी वर धरतो, सुकाणू माझ्याकडे करून, आणि मी छाती भरून श्वास घेते.

"डावं," मी म्हणते. पार पलीकडच्या काठावरून बदकं उठतात. डेस मान हलवतो.

"उजवं."

चौथऱ्यावर मर्व्ह कानात बोट घालतो, आणि दुसऱ्या हाताने मीट पाय छातीशी धरतो.